सल्ला यंत्राचा असला तरी त्याची पक्की पावती द्या

प्रति,
मा. कृषी आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे,
महाॲग्री-एआय धोरणाच्या अंमलबजावणीची जबाबदारी असलेले सर्व अधिकारी,
आणि राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांचे मा. कुलगुरू यांस,

विषय : कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित शेतीसल्ला आणि स्वयंचलित फवारणी यांमुळे होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी निश्चित करण्याबाबत.

महोदय,

१७ जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता आणणाऱ्या महाॲग्री-एआय धोरणाला मंजुरी दिली आणि पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली, ही बातमी मी पेरणीच्या धावपळीत वाचली. यवतमाळ जिल्ह्यात, पैनगंगेच्या खोऱ्यात माझे सात एकर वावर आहे. चार एकर पऱ्हाटी म्हणजे कपाशी, उरलेल्यात सोयाबीन आणि तूर. मी हे पत्र त्या धोरणाला विरोध म्हणून लिहीत नाही. ही यंत्रे आमच्याकडे यावीत, लवकर यावीत आणि टिकावीत अशी माझी मनापासून इच्छा आहे. ती टिकायची असतील तर धोरण कागदावरून वावरात उतरत असतानाच एक गोष्ट ठरवून घ्यायला हवी : यंत्राने दिलेला सल्ला चुकला, किंवा यंत्राने केलेल्या कामाची झळ धुऱ्यापलीकडच्या, म्हणजे बांधापलीकडच्या, पिकाला बसली, तर शेतकऱ्याने कोणाकडे जायचे?

ही यंत्रे मला का हवी आहेत, हे आधी सांगितले पाहिजे. २०१७ च्या खरिपात आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या उंचीच्या वर गेली होती. अशा पिकात पाठीवर पंप घेऊन शिरणाऱ्या माणसाच्या तोंडावर, मानेवर, उघड्या हातांवर औषध पडतच राहते, आणि संध्याकाळी घरी आल्यावर त्याला समोरची भाकरीही धूसर दिसते; हे मी माझ्या गावात पाहिले आहे. त्या माणसाला विषाच्या फवाऱ्यातून बाहेर काढणारे कोणतेही यंत्र मला मोलाचे वाटते. त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीने आमची बोंडे आतून पोखरली, आणि वरून हिरवीगार दिसणारी पऱ्हाटी वेचणीला आली तेव्हा हातात किडका कापूस आला. आज नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने सापळ्यात अडकलेल्या पतंगांची मोजणी आपोआप करून फोनवर कळवणारा सापळा आणला आहे. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले की फवारणीची वेळ झाली, हे आम्हाला पाठ आहे; पण रोज सकाळी वावरात जाऊन पतंग मोजणारे किती जण असतात, हे आपणही जाणता. हे काम यंत्राने केले तर निम्मी लढाई तिथेच जिंकता येईल.

आता गेल्या खरिपातली गोष्ट सांगतो.

माझ्या पऱ्हाटीच्या पश्चिमेला, एका धुऱ्याच्या अंतरावर, शेजारच्या काकांचा ऊस आहे. आमचे संबंध घरच्यासारखे आहेत. अडीनडीला बैल त्यांचे आणि डवरा माझा, असे आजवर चालत आले आहे. ऑगस्टमध्ये त्यांच्या उसावर हरणखुरीचे वेल चढले. पाच-सहा फूट वाढलेल्या उसात पंप घेऊन माणूस जाऊ शकत नाही, म्हणून त्यांनी भाड्याने ड्रोन देणाऱ्या एका संस्थेला बोलावले. कोणते तणनाशक आणि किती मारायचे, हे त्यांनी फोनवरच्या एका सल्ला देणाऱ्या ॲपला विचारले होते, आणि ॲपने टू-फोर-डी सुचवले होते. उसासाठी हा सल्ला चुकीचा नव्हता. ड्रोन चालवायला एक शिकलेली, नीटनेटकी मुलगी आली होती. तिने उसाच्या चारही कोपऱ्यांवर जाऊन नकाशा आखला, टाकीत औषध भरले आणि बटण दाबले. त्यानंतर ड्रोन आपला आपणच उडाला, सरळ रेषेत गेला, वळला, टाकी रिकामी झाल्यावर परत आला. मी धुऱ्यावर उभा राहून ते कौतुकाने पाहत होतो. वारा पश्चिमेचा होता आणि माझ्या अंगावर येत होता, हे मला तेव्हाही जाणवले होते. त्याचा अर्थ मात्र लागला नाही.

चौथ्या दिवशी धुऱ्यालगतच्या ओळींत पऱ्हाटीचे शेंडे वाकडे दिसू लागले. आठवड्याभरात नवीन येणारी पाने अरुंद झाली, त्यांच्या शिरा एकमेकींना समांतर धावू लागल्या, आणि पान पऱ्हाटीचे आहे की भेंडीचे, असा प्रश्न पडावा अशी त्यांची गत झाली. पाती, म्हणजे फुलाच्या कळ्या, गळून जमिनीवर पडली. विदर्भातल्या कोणत्याही जुन्या शेतकऱ्याला हे लक्षण दाखवले तर तो क्षणात सांगेल की टू-फोर-डीचा वारा लागला आहे, कारण या औषधाला कपाशीइतके हळवे पीक दुसरे क्वचितच असेल. पंपाने फवारताना आम्ही एकरी दीडशे-दोनशे लिटर पाणी वापरतो. ड्रोन तेच औषध एकरी दहा लिटरच्या आसपास पाण्यात, बारीक थेंबांनी आणि उंचावरून सोडतो. थेंब जितका बारीक आणि औषध जितके दाट, तितका वाऱ्यावरचा धोका मोठा. माझी सुमारे एक एकर पऱ्हाटी त्यात सापडली.

मग मी एकेकाला विचारत गेलो. ड्रोन चालवणाऱ्या मुलीने मला तिच्या पडद्यावर उड्डाणाची नोंद दाखवली. तिच्यात ड्रोन धुऱ्याच्या उसाकडच्या बाजूलाच राहिला होता, एक हातही पुढे आला नव्हता. आणि ती खरे बोलत होती. संस्थेने सांगितले की औषध शेतकऱ्याने पुरवले, आम्ही केवळ उडवले. काका म्हणाले की मी ॲपला विचारूनच औषध आणले. ॲपवर, उत्तराच्या खाली, बारीक अक्षरांत लिहिलेले होते की ही माहिती केवळ मार्गदर्शनासाठी आहे. शेवटी मी संबंधित कार्यालयात गेलो. तिथल्या कर्मचाऱ्यांनी माझे सगळे आस्थेने ऐकले आणि तक्रारीचा अर्ज समोर ठेवला; त्यात बियाणे, खत आणि कीटकनाशक यांच्या गुणवत्तेचे रकाने होते. माझ्या बाबतीत बियाणे चांगले होते, खत चांगले होते आणि औषधही अस्सल होते. माझे नुकसान कोणत्याच रकान्यात बसत नव्हते.

या सगळ्यात कोणी लबाडी केली नाही, आणि हेच मला आपल्या नजरेस आणून द्यायचे आहे. ड्रोनच्या नोंदीत त्याचा मार्ग होता, उंची होती, वेळ होती. वाऱ्याचा वेग आणि दिशा नव्हती, कारण ती नोंदवा असे त्या यंत्राला कोणी सांगितले नव्हते. नोंद जे विचारले तेवढेच सांगते. माझ्या पिकाबद्दल तिला कोणी विचारलेच नव्हते. उद्या हे प्रकरण वाढले असते तर दोष त्या मुलीच्या माथी मारला गेला असता, कारण समोर उभे असलेले माणूस तेवढे तीच होती. केंद्राच्या नमो ड्रोन दीदी योजनेतून देशभरातील १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याचे ठरले आहे. गावागावांतल्या आमच्या बहिणी आणि लेकी हे काम हाती घेत आहेत याचा मला अभिमान वाटतो. नियम धूसर ठेवून त्यांना गावातल्या भांडणांच्या तोंडी देणे, हे मला अन्यायाचे वाटते.

दुसरी गोष्ट सोयाबीनची. विहिरीजवळच्या चुनखडीच्या पट्ट्यात माझे सोयाबीन पिवळे पडले, म्हणून मी एका ॲपवर पानाचा फोटो टाकला. काही क्षणांत उत्तर आले की हा पिवळा मोझॅक आहे, आणि खात्री नव्वद टक्क्यांच्या वर. मी रोगट झाडे उपटली आणि हा रोग पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीसाठी फवारणी केली. पिवळेपणा तसाच राहिला. नंतर गावातल्या एका निवृत्त कृषी सहायकांना वावरात नेले. त्यांनी फोटो पाहिला नाही. ते खाली बसले, एक झाड हातात धरले आणि मला दाखवले की खालची जुनी पाने हिरवी आहेत, वरची कोवळी पाने पिवळी आहेत आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या राहिल्या आहेत. लोहाची कमतरता होती. फेरस सल्फेटची फवारणी केली आणि नवीन पाने हिरवी आली. उपटलेली झाडे तर गेलीच. मी ॲपचे जुने उत्तर शोधू लागलो तेव्हा ते सापडले नाही. मधल्या काळात ॲप अद्ययावत झाले होते, आणि तोच फोटो पुन्हा टाकला तेव्हा उत्तर वेगळे आले. म्हणजे मला चुकीचा सल्ला मिळाला होता, याचा पुरावाच माझ्याकडे उरला नाही.

महोदय, दर खरिपाआधी आपलाच विभाग आम्हाला सांगतो की बियाणे, खत, औषध घेताना पक्के बिल घ्या, त्यावर लॉट नंबर आहे का पाहा, पिशवीचा टॅग आणि थोडे बियाणे हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. हा सल्ला आम्हाला अनुभवाने पटला आहे. २०२० मध्ये सोयाबीन उगवले नाही म्हणून राज्यभरातून तक्रारी आल्या, तेव्हा ज्यांच्याकडे बिल आणि टॅग होते त्यांच्याच तक्रारीला धार होती. बोंडअळीच्या वर्षी आम्ही कापूस बियाणे कायदा, २००९ खाली भरपाईसाठीच्या तक्रारीचे ‘जी’ फॉर्म भरले, रांगा लावल्या, वावरात पाहणी झाली. त्या फॉर्मांतून प्रत्येकाच्या पदरात काही पडले, असे मी म्हणणार नाही. पण ठोठावायला एक दार होते, त्यामागे कायदा होता, आणि बियाणे विकणाऱ्याला हे माहीत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या खटल्यात स्पष्ट केले की बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि तो ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो.

सल्ल्याच्या बाबतीत हे दारसुद्धा बंद आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘सेवा’ या शब्दाच्या व्याख्येतून मोफत दिलेली सेवा वगळलेली आहे. शेतकऱ्यांसाठीची बहुतेक ॲप मोफत आहेत. तेव्हा पैसे मोजले नाहीत, म्हणून आम्ही ग्राहक नाही. आणि पीक मात्र आमचे गेले. ड्रोनच्या बाबतीत ड्रोन नियम, २०२१ मध्ये त्रयस्थ पक्षाच्या विम्याला मोटार वाहन कायद्याच्या तरतुदी लागू केलेल्या आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण वाऱ्याने गेलेल्या औषधामुळे शेजारच्या पिकाचे झालेले नुकसान त्यात धरायचे की नाही, हे शेतकऱ्याला कळेल अशा मराठीत कोणीतरी लेखी सांगायला हवे. ते आपण सांगावे, अशी माझी विनंती आहे.

यासाठी नवा मोठा कायदा येईपर्यंत थांबण्याची गरज नाही. महाॲग्री-एआय धोरणातून ज्या संस्थेला शासनाचा पैसा, शासनाची माहिती किंवा शासनाची शिफारस मिळणार आहे, तिच्याशी होणाऱ्या करारातच आपण अट घालू शकता की यंत्राने दिलेल्या प्रत्येक सल्ल्याची पक्की पावती शेतकऱ्याच्या फोनवर मराठीत मिळाली पाहिजे. त्या पावतीवर तारीख आणि वेळ असावी, शेतकऱ्याने पाठवलेला फोटो किंवा विचारलेला प्रश्न असावा, दिलेले उत्तर जसेच्या तसे असावे, यंत्राची कोणती आवृत्ती वापरली ते असावे आणि जबाबदार संस्थेचे नाव-पत्ता असावा. ॲप अद्ययावत झाले तरी ती पावती पुसली जाऊ नये. निदान दोन हंगाम ती राहावी. आणि करारात असेही लिहावे की शासनाच्या पैशाने चालणाऱ्या कोणत्याही सेवेला ‘केवळ मार्गदर्शनासाठी’ या एका ओळीच्या आड लपता येणार नाही. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी आम्हाला शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला. आम्ही रांगा लावून तो काढला, आमचे सातबारे जोडून दिले. आमच्या वावराची एवढी माहिती हाती घेऊन जे यंत्र आम्हाला सल्ला देणार आहे, त्यालाही एक नोंदणी क्रमांक असावा आणि तो पावतीवर दिसावा, ही अपेक्षा गैर नाही.

फवारणीच्या यंत्रांसाठी अट सोपी आहे. फवारणीच्या आदल्या दिवशी चारही बाजूंच्या शेतकऱ्यांना कळवले जावे, आणि औषधाचे नाव त्यात असावे. मला टू-फोर-डी हे नाव आधी कळले असते तर मी काकांना वारा पडेपर्यंत थांबा म्हटले असते आणि ते थांबलेही असते. वारा मोजण्याचे छोटे उपकरण हातात मावते. त्याचे आकडे उड्डाणाच्या नोंदीत आपोआप उतरावेत आणि ठरलेल्या वेगाच्या वर वारा गेला तर यंत्राने स्वतःहून फवारा बंद करावा. धुऱ्यापलीकडे कपाशी, तूर किंवा भाजीपाला असेल तर टू-फोर-डीसारखी औषधे ड्रोनने मारू नयेत. केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये ड्रोन फवारणीची कार्यपद्धती प्रसिद्ध केलेली आहे. आमच्या जिल्ह्यांतली पिके आणि आमचा पावसाळी वारा लक्षात घेऊन तिला पूरक अशा सूचना राज्याने काढाव्यात.

आणि तक्रारीसाठी तालुका पातळीवरील समितीच पुरे आहे. बियाण्याच्या तक्रारीत ती वावरात येते, पंचनामा करते. तिच्याच कामात यंत्राचा सल्ला आणि यंत्राची फवारणी हे दोन रकाने वाढवावेत. पाहणीला मुदत मात्र कडक हवी, कारण टू-फोर-डीचा मार काही दिवसांनी दिसतो आणि पुढे पऱ्हाटी नवा फुटवा धरू लागली की तो झाकला जातो. महिन्याने येणाऱ्या पथकाला पीक ठीकच दिसेल. गळलेली पाती तोवर मातीत मिसळलेली असतील.

मला ठाऊक आहे की यावर आक्षेप येईल : एवढी जबाबदारी टाकली तर नव्या, तरुण कंपन्या या क्षेत्रात येणारच नाहीत. या आक्षेपाला माझे उत्तर असे की कापूस बियाण्याच्या कंपन्यांवर २००९ पासून भरपाईचा कायदा आहे आणि त्यांनी बियाणे विकणे थांबवलेले नाही. शिवाय यंत्राने प्रत्येक वेळी बरोबरच असावे, असे मी म्हणत नाही. कपाशीवरचा लाल्याच घ्या. पान लाल होते ते तुडतुड्यांनी, मॅग्नेशियम कमी पडल्याने, पाणी साचल्याने किंवा रात्रीची थंडी अचानक वाढल्याने. वरून काढलेल्या एका फोटोत ही चारही कारणे सारखीच दिसतात, आणि तुडतुडे तर पानाच्या खालच्या बाजूला असतात. अशा वेळी ‘मला नक्की सांगता येत नाही, पान उलटून फोटो काढा, जमीन कोणती ते सांगा, नाहीतर कृषी सहायकांना दाखवा’ असे म्हणणाऱ्या यंत्रावर मी पुढच्या वेळी अधिक विश्वास ठेवीन. खोटी खात्री देणाऱ्या यंत्राची झळ आम्हाला बसते, आणि त्यानंतर चांगल्या यंत्रालाही गावात कोणी उभे करत नाही.

कुलगुरू महोदयांना माझे स्वतंत्र सांगणे आहे. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात उसावर झालेले काम मी वाचले आहे; जमिनीतले सेन्सर, उपग्रहाची चित्रे आणि हवामान केंद्र यांच्या मदतीने पाणी आणि खत मोजून देण्याचा तो प्रयत्न मोलाचा आहे. पण तिथे ठिबक आहे, ओलिताची खात्री आहे, मागे कारखाना आहे. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार राज्यातील सरासरी धारणा १.३४ हेक्टर आहे आणि त्यातली बहुतांश जमीन कोरडवाहू आहे. काळ्या मातीत, पावसाच्या भरवशावर, कपाशीत तुरीच्या ओळी घेणाऱ्याच्या वावरात हे यंत्र किती वेळा बरोबर आणि किती वेळा चूक ठरते, हे अकोल्याने आणि परभणीने आपापल्या भागात तपासावे आणि दर हंगामानंतर जिल्हावार, पिकावार जाहीर करावे. वाण बाजारात येण्याआधी त्याच्या चाचण्या विद्यापीठ अनेक ठिकाणी, अनेक हंगाम घेते. सल्ला देणाऱ्या यंत्राला निदान एका हंगामाची तरी चाचणी असावी.

येत्या मृगाआधी या विषयावर परिपत्रक निघाले तर पुढच्या हंगामातली फवारणी त्याखाली येईल. माझ्या वावरातले फोटो तारखांसह माझ्याकडे आहेत, ड्रोनच्या उड्डाणाच्या नोंदीची प्रत त्या मुलीने स्वतःहून मला दिली आहे आणि काकांनीही त्यांच्या फोनवरचा सल्ला दाखवायची तयारी दर्शवली आहे. आपण बोलावाल तिथे आम्ही तिघेही येऊ. पावतीचा एक नमुना मी साध्या कागदावर आखून सोबत जोडला आहे. त्यात वाऱ्याचा वेग आणि दिशा यांसाठी जागा ठेवली आहे. नमुन्यात त्रुटी असतील तर कळवाव्यात, मी दुरुस्त करून पुन्हा पाठवीन.

आपला नम्र,
एक कापूस आणि सोयाबीन उत्पादक शेतकरी,
जि. यवतमाळ